माळ्यावर आधी काय चढवायचं

पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या नवऱ्याला स्वतःला सुधारायची हुक्की आली. महाडच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे गल्ल्याच्या खणात पावतीपुस्तकांखाली एकेक पुस्तक जमू लागलं. सगळी पुरुषांनी स्वतःला कसं घडवावं याची. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा कोट घातलेला कुणीतरी कड्याच्या टोकावर हाताची घडी घालून उभा. माझा नवरा पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतला. लहानपणी गुरं घेऊन तो रोज असल्याच कड्यावर उभा असायचा, पण तेव्हा त्याला कुणी प्रगती म्हणत नव्हतं.

पहाटे पाचला उठणं, गार पाण्याने अंघोळ, वहीत पानभर लिहिणं. याला माझी हरकत नव्हती. मी चोवीस वर्षं पाचलाच उठते, त्यावर कुणी पुस्तक काढलेलं नाही. माझं दुखणं रविवारचं होतं. तो धरून बाजारातले सहा जण सकाळी जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचे. अंघोळ करायची, पुस्तकातलं एक प्रकरण वाचायचं आणि मग प्रत्येकाने मनातलं बोलायचं. दुपारी तो इतका हलका होऊन परत यायचा की मला बघवत नसे.

एकदा भाजीबाजारात शेजारच्या कापडवाल्याची बायको भेटली. तिचा नवरा त्या सहांतला.

"वहिनी, भाऊंना गुरांचे डॉक्टर व्हायचं होतं म्हणे? दुकान गळ्यात पडलं म्हणून राहिलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं, असं आमचे सांगत होते."

"हो ना," मी भेंडी मोडून बघत म्हटलं.

मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. दुसरी बाई असती तर निदान भांडता आलं असतं. पाच पोट सुटलेले व्यापारी ओल्या पंच्यात बसून माझ्या नवऱ्याचं मन ऐकतात, यावर भांडायचं कसं?

सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरतं, म्हणून पावसाळ्याआधी इथला प्रत्येक दुकानदार खालचा माल माळ्यावर चढवतो. आमच्याकडे हे काम आम्ही दोघंच करायचो. शटर अर्धं खाली, मी माळ्यावर, तो शिडीवर. दिवस जायचा. वर्षात तेवढाच एक दिवस गिऱ्हाईक मध्ये न येता आमचं बोलणं व्हायचं. यंदा मी ठरवलं होतं, शिडीवर असताना गुरांच्या डॉक्टराचा विषय काढायचा.

यंदा त्याने ते पाच जण आणले.

"तू खालीच थांब गो. आम्ही दोन तासांत उरकतो. तेवढा चहा बघ."

त्यांच्या ताज्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात आधी करावं, असं लिहिलं होतं. म्हणून त्यांनी सगळ्यात महत्त्वाचा माल आधी चढवला. पूर ओसरल्यावर सगळं गाव जे मागतं ते: फावडी, घमेली, खराटे, फिनेल. आमचा माळा बोगद्यासारखा, त्याला तोंड एकच. आधी चढेल ते पार मागे जातं. त्यामुळे फावडी भिंतीला आणि रंगाचे डबे तोंडाशी आले. हे मी कपबशा विसळताना पाहिलं. एक शब्द पुरला असता. मी चहात आलं टाकलं.

आषाढात पाणी आलं, गुडघाभर, आणि दुसऱ्या दिवशी ओसरलं. सकाळपासून माणसं दारात, "फावडं हाय का?" नवरा माळ्यावर रंगाच्या डब्यांमागे हात घालतोय. गिऱ्हाइकं जरा थांबून पुढच्या दुकानाकडे वळत होती. दहाच्या सुमाराला तो घामाघूम खाली आला.

"हे असं कसं लागलं?"

"तुम्हीच लावलंत. मी त्याच दिवशी बघितलं होतं."

"मग बोलली का नायस?"

"सहा जणांचा चहा होता."

त्याने कपाळाचा घाम पुसला. "राग कसला हाय, ते बोल."

"गुरांचं डॉक्टर व्हायचं होतं, ते मला भाजीबाजारात कळलं."

तो पायरीवरच बसला. म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू काय बोलली असतीस? 'मग आता काय त्याचं?'"

मी नेमकं तेच म्हटलं असतं. त्या क्षणीही तेच तोंडात आलं होतं.

मी पदर खोचून वर चढले आणि रंगाचे डबे खाली द्यायला लागले. चौथ्या-पाचव्या डब्याला विचारलं, "हे डोक्यात आलं कुठनं?" तो सांगू लागला. वाडीतली एक म्हैस विताना अडली होती. रस्ता नव्हता, डॉक्टर वर येईना. चौदा वर्षांचा तो कोपरापर्यंत हात घालून रेडकाचे पाय शोधत होता. म्हैस वाचली, रेडकू गेलं.

दारातून कुणीतरी फावडं मागितलं. "अर्ध्या तासाने या," मी वरूनच सांगितलं. पुराच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मी कधीच परत पाठवत नाही.

"हे रविवारी सांगितलंत त्यांना?"

"डॉक्टर व्हायचं होतं, एवढंच. म्हशीचं नाय."

मला बरं वाटलं. एका मेलेल्या रेडकावर हक्क मिळाला म्हणून बरं वाटावं हे काही चांगलं नाही, पण वाटलं. मी पुढचा डबा खाली दिला आणि म्हटलं, "मग म्हशीचं पुढे काय झालं?"