मजकूर नंबर तीन

आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात चुकलेल्या ट्रॉफ्यांचा ढीग आहे. कुणाचं आडनाव चुकलं, कुणाचं नाव कोरून झाल्यावर बक्षीस दुसऱ्यालाच गेलं. किस्सेही तसेच साठतात यार. फेकवत नाहीत, कुणाला देताही येत नाहीत!

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आम्ही ट्रॉफ्या बनवतो. मी मराठीत एम.ए., म्हणून मजकूर माझ्याकडे. रोज सकाळी पाळणाघराच्या दारात माझी ओवी ओढणी धरून रडते. "तू कशाला जातेस?" मी म्हणते, "आईचं महत्त्वाचं काम असतं." हे एकदा तरी खरं ठरावं, एवढीच माझी धडपड.

*

मागे मालकांनी मोटिव्हेशनवाला ट्रेनर आणला. एकेकाला उभं करून विचारत होता, "तुमचं पॅशन काय?"

पॉलिशवाले सावंतकाका मालवणचे, रिटायरमेंटला आलेले. म्हणाले, "माका? साडेपाचची बेल!"

सगळे खो खो हसले. मग माझी पाळी आली. मीही बेलच सांगितली.

*

नवीन होते तेव्हा एका रिटायर होणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंसाठी जीव ओतून चार ओळी लिहिल्या. शाळेत फोन करून विचारलं. कळलं, बाई भिजून आलेल्या पोरांसाठी कपाटात कोरडे मोजे ठेवायच्या. मी मोजे लिहिले!

मालकांनी वाचलं. "छान आहे मॅडम. आता काढा आणि नंबर तीन टाका."

नंबर तीन म्हणजे, 'आपण संस्थेसाठी वेचलेले क्षण आमच्या सदैव स्मरणात राहतील.' वरचं नाव तेवढं बदलायचं.

"पण सर, मोजे..."

"ट्रॉफीवर मोजे? आणि वाचतं कोण हो? फोटो काढतात!"

*

एक गृहस्थ ऑर्डर द्यायला आले. स्वतःच्याच निरोप समारंभाच्या ट्रॉफीची! ऑफिसनं त्यांनाच पाठवलं होतं. असली कामं कायम तेच करायचे ना!

"काय लिहू?"

"सगळ्यांना लिहिता तेच."

दारापर्यंत गेले, परत आले. "'सर्वांचे लाडके' असं घालता येईल?"

मी टाईप केलं. ते स्क्रीनकडे बघत राहिले.

"नको, काढा. उगाच कुणीतरी हसेल."

*

ओवीच्या शाळेत स्पोर्ट्स डेला सगळ्यांनाच ट्रॉफी. खाली आमचाच स्टिकर! ओवी धावलीच नव्हती, लाईनीत उभी राहून रडत होती.

"आई, ही तू केलीस?"

"हो गं!"

तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. "एवढ्यासाठी जातेस?"

*

गेल्या महिन्यात सावंतकाका रिटायर झाले. मालक म्हणाले, "मॅडम, या वेळी मनाला येईल ते लिहा. नो नंबर तीन!"

हाच तो चान्स! सकाळपासून स्क्रीनसमोर बसले. काकांचे पॉलिशनं काळे झालेले अंगठे लिहिले, खोडले. डब्यातली सुकट माझ्यासाठी वेगळी काढायचे ते लिहिलं, खोडलं. साडेपाचची बेलसुद्धा लिहून खोडली. शेवटी अक्षरं कोरणारा लेसरवाला ओरडला, "मॅडम, मशीन बंद करू का?"

मी नंबर तीन दिला.

काकांची ट्रॉफी कोरून आली. पॉलिश कुणाला जमेना, तेव्हा काका गळ्यात हार तसाच ठेवून आपल्या स्टुलावर बसले. फडक्यानं अक्षरं घासली. कडेवरून अंगठा फिरवला. उजेडाकडे धरून स्वतःच्या नावासकट सगळा मजकूर वाचला. मग रोजच्यासारखी खोक्यात भरली, डिस्पॅचच्या थप्पीवर ठेवली आणि माझ्यापुढे हात पसरला.

"हां बाये, पुढची आण."