कलाबाईची तुती

कलाबाईनं तीस वर्षं फुलं विकली. मखमलाबादच्या मळ्यात पहाटे झेंडू, शेवंती, गुलाब तोडायचा, पाट्या भरायच्या आणि पहिल्या बसनं नाशिकच्या फुलबाजारात जाऊन बसायचं. गुडघे गेले तेव्हा बाजार सुटला. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नव्हतं. घरामागचे दोन गुंठे स्वतःला ठेवून बाकीची जमीन तिनं पुतण्याच्या, दीपकच्या नावावर करून दिली. दीपक तिच्याच मांडीवर वाढला होता. त्याच्या आईनं बाळंतपणानंतर वर्षभर अंथरूण धरलं, तेव्हा त्याला वाटी-चमच्यानं दूध पाजलं ते कलाबाईनं. सही करताना तिनं कागद वाचूनही घेतला नाही.

दीपकनं त्या जमिनीत द्राक्षबाग उभी केली. कलाबाईच्या दोन गुंठ्यांत राहिली जास्वंद आणि थोडी शेवंती. आयुष्यभर तिनं कळ्याच तोडल्या होत्या; फूल झाडावर राहिलं तर पुढं काय होतं, हे बघायला सवड कुणाला होती? आता ती मागच्या दारात बसून बघायला लागली. एके सकाळी अंगठ्याएवढा एक पक्षी आला, जास्वंदीला उलटा लोंबकळला आणि वाकडी चोच फुलात घालून बसला. काळा दिसणारा तो जीव ऊन पडलं की एकदम जांभळा-निळा चमके.

समोरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मोहिनी बाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, "कलाताई, हा शिंजीर. अजून पुष्कळ येतील. तुम्ही नुसतं त्यांना लागतं ते लावा."

कुठलं गिऱ्हाईक कुठल्या फुलापाशी थांबतं, हे जिला तीस वर्षं कळत होतं, तिला हे शिकायला कितीसा वेळ लागणार? तिनं कडेनं टणटणी वाढू दिली, दाणे टिपणाऱ्या मुनियांसाठी कोपऱ्यातलं गवत पिकू दिलं, बांधालगत तुतीची काडी खोचली. पाण्यासाठी मातीची दोन परळं मांडली आणि ती रोज घासून भरली. चौथ्या वर्षी तुती घराच्या पत्र्यापर्यंत गेली. बुलबुल आले, दयाळ आला. दयाळ तर पाण्याच्या टाकीवर बसून असा गायचा की कलाबाई हातातली भाजी तशीच धरून ऐकत राही. आणि एका हिवाळ्यात हळद्याची जोडी आली. इतका पिवळाधमक रंग तिनं झेंडूतही पाहिला नव्हता. त्या दिवशी ती मोहिनी बाईंना म्हणाली, "बाजारात हाका मारून मारून घसा बसायचा माझा. ही न बोलावता येत्यात."

त्या साली दीपकचा माल पहिल्यांदाच परदेशी जाणार होता. मण्यांत पाणी उतरलं, द्राक्षं गोडीला आली आणि तो मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मोठ्याई, ही तुती तोडावी लागंल. पाखरं तुझ्याकडं पाणी पित्यात अन्‌ माझ्या बागंत जेवत्यात. एका मण्याला चोच लागली तरी घड बाद व्हतो."

"अरे, तुती नव्हती तवाबी बागंत पाखरं यायची."

"एवढी नव्हती."

ते खरं होतं. पण तुती तोडायला ती नाही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दीपकनं बांधावर जाळी बांधली. बागेवर टाकतात तशी जाड नव्हे. तंगुसाच्या बारीक नायलॉन धाग्याची, डोळ्याला न दिसणारी, बरोबर तुती आणि द्राक्षांच्या मधे उभी. सकाळी कलाबाई परळ भरायला गेली तर हवेतच चार बुलबुल लटकलेले. तिनं घरातून कात्री आणली. दोन सुटले. एकाचा पंख मोडला होता, एक आधीच संपला होता.

मग रोजचंच झालं. उठायचं, कात्री घ्यायची, बांधाला जायचं. फुलं ओवून सराईत झालेली तिची बोटं पायांत गुंतलेला धागा झटकन सोडवत. तरी निम्मे हातातच मान टाकत. मोहिनी बाई दीपकला भेटून आल्या. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा पगार महिन्याला येतो. माझं वर्ष ह्या दोन महिन्यांवर हाय."

आठव्या दिवशी जाळीत हळद्या होता. सुटायला इतका धडपडला होता की पिवळी पिसं खाली तुतीच्या पानांवर पडली होती. कलाबाई त्याला पदरात घेऊन दीपकच्या ओट्यावर गेली.

"हे बघ."

दीपकनं पाहिलं, नजर वळवली. "मी माझ्या हद्दीत जाळी लावलीय, मोठ्याई."

ती तशीच माघारी आली. हळद्याला तिनं शेवंतीच्या वाफ्यात पुरलं. मग कुऱ्हाड काढली. गुडघे साथ देत नव्हते, तरी कुणाला हाक न मारता दुपारपर्यंत तिनं तुती पाडली. परळं उपडी केली. पण सवयीची पाखरं येतच राहिली, रिकाम्या जागेवर घिरट्या घालत आणि जाळीत अडकत. तेव्हा तिनं थाळी आणि पळी घेतली आणि तोंडानं हाड्‌-हाड्‌ करत ती वाजवू लागली. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ वाजवली. दयाळ टाकीवर सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला. त्याला तिनं ढेकूळ मारलं.

"म्हातारीला अक्कल आली," दीपकच्या बागेतले मजूर हसले.

माल गेला. जाळी गुंडाळली गेली. एप्रिलची छाटणी झाली, कोवळी फूट निघाली आणि तिच्यावर उडद्या किडे तुटून पडले. फवारून दमलेला दीपक एका सकाळी मागच्या दारी आला.

"मोठ्याई, परळं मांड ना पुन्हा. पाखरं असली तर किडे जरा कमी व्हतील."

कलाबाई गहू निवडत होती. तिनं वर पाहिलं. "जाळी जाळलीस?"

"जाळून कसं चालंल? पुढच्या साली लागंल ना ती."

हे बोलताना त्याचा आवाज साधा होता, त्यात दुष्टावा नव्हता. त्यानंच कलाबाईला जास्त लागलं. ह्याला आपणच घास भरवला, हे तिच्या मनात आलं आणि गेलं नाही.

"मग मला सांगू नको," ती म्हणाली.

दीपकनं स्वतःच बागेत प्लास्टिकच्या वाट्या टांगल्या. मे संपेपर्यंत त्यांतलं पाणी उन्हानंच प्यालं.