नफूसाखालाची रंगीत कफनं

आमच्या पोर्ट सैदला तेवीस डिसेंबरचा विजयदिन आला की शूरवीरांचं पीक येतं. छप्पन्न साली गावात हाक मारली तर ओ द्यायला माणूस नव्हता, आणि आता इतके लढवय्ये निघतात की इंग्रज-फ्रेंचांना किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा तरी कुठे मिळाली, असं वाटावं. कडक इस्त्रीचा कोट, छातीवर बिल्ले, पुढची खुर्ची. मी एतिदाल, आता साठीची आहे, आणि यातले निम्मे शूरवीर मी पाठमोरे पाहिलेले आहेत. पळाले म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही. आभाळातून बॉम्ब पडत होते. माझी आईसुद्धा मन्झाला तळ्यातून होडीनं पलीकडे गेली होती. पण परत आल्यावर ती बिल्ला लावून मिरवली नाही, एवढंच.

नफूसाखाला, म्हणजे नफूसामावशी, पळाली नाही. आमच्याच गल्लीत ती राहायची आणि बायका-पोरांची मढी धुवायची. तेव्हा असेल चाळिशीची. उंच, हाडकुळी, हात कोपरापर्यंत फुगल्यासारखे पांढरे. नवरा लवकर गेला, मूल नाही. बारशाला, लग्नाला तिला कुणी बोलवत नसे. ती रस्त्यानं निघाली की बाळंतीण असलेल्या घराचं दार धाडकन लागायचं. ती तिथेच थांबून ओरडायची, "लाव गं, लाव! शेवटी माझ्याच हाताखाली येणार आहेस. तेव्हा बघते कुठलं दार लावतेस ते!"

माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. सरकारी ट्रकमधून बंदुका वाटल्या गेल्या, तेव्हा माझा नवरा झकी एक घेऊन गेला. बंदूक त्यानं आधी कधी हातात धरली नव्हती. तो गोदीत दोऱ्या बांधायचा. नोव्हेंबरच्या पाच तारखेला छत्रीवाले शिपाई उतरले. सहाला पहाटे जहाजांच्या तोफा सुरू झाल्या आणि अल-मनाख वस्ती पेटली. सगळी लाकडी घरं. दोन दिवस जळत होतं. माणसं दारं, फळ्या, हातगाड्या, मिळेल त्यावर मढी घालून मशिदीच्या मागच्या आवारात आणत होती. नफूसाखालानं मला दारातून ओढूनच बाहेर काढलं.

"रडतेस काय? नवरा मेला का?"

"माहीत नाही."

"मग माहीत होईपर्यंत पाणी आण."

नळ कोरडे पडले होते. मी समुद्राचं पाणी बादल्यांनी आणलं. ती धुवायची, मी ओतायची. मशिदीचे शेख बयूमी म्हणाले, "नफूसा, हे शहीद आहेत. शहिदाला धुवावं लागत नाही."

ती मान वर न करता म्हणाली, "शहीद असेल तुमच्या लेखी. माझ्या लेखी हिच्या नाकात काजळी गेलीय. चार वर्षांची पोर आहे. अशी पाठवू?"

शेख बाजूला सरकले.

दुपारपर्यंत कफनाचं कापड संपलं. घराघरातल्या चादरी संपल्या. तेव्हा खालानं एक पहार घेतली आणि बाजारात जाऊन सुरूर कापडवाल्याच्या दुकानाचं कुलूप फोडलं. सुरूर चार दिवसांपूर्वीच तळ्यापार गेला होता. एकटा गेला असता तर मी बोलले नसते. त्यानं आख्खी होडी भाड्यानं घेतली आणि तिच्यात पांढऱ्या लठ्ठ्याचे आणि लोकरीच्या कापडाचे सगळे गठ्ठे भरले. काठावर लेकुरवाळ्या बायका हात जोडून उभ्या होत्या. माणसं काठावर राहिली आणि लठ्ठा होडीत बसून गेला.

दुकानात उरलं होतं पायजम्याचं लाल पट्ट्यांचं कापड, शाळेच्या ॲप्रनचं निळं, आणि पिवळ्या गुलाबांचं पडद्याचं. आम्ही तेच वाहून आणलं.

"कफन पांढरं असतं, नफूसा," शेख पुन्हा म्हणाले.

"मग तुमचं पागोटं सोडा!"

शेखांनी खरोखर पागोटं सोडलं. त्यात एका तान्ह्याचं झालं. मग बोडक्या डोक्यानं कात्री धरून कापड कापायला बसले.

पाच दिवसांत आम्ही साठाच्या वर माणसं गुंडाळली. एकदा परक्यांच्या गस्तीचे शिपाई आवारात डोकावले. त्यातल्या एका कोवळ्या पोरानं टोपी काढली. खाला त्याला म्हणाली, "घाल बाबा टोपी. तू टोपी काढल्यानं ही बाई काही उठून बसत नाही." त्याला शब्द कळले नाहीत, पण टोपी घालून तो घाईनं निघून गेला. झकी तिसऱ्या दिवशी परत आला, एक कान गमावून. तो कान त्यानं पुढे जन्मात कुठल्या व्यासपीठावर दाखवला नाही.

डिसेंबरात परके गेले, झेंडे लागले, आणि जानेवारीत सुरूर परतला. दुकान पाहून त्यानं पहिलं काम केलं ते चोरीची फिर्याद देण्याचं. खालाला दोन रात्री कोठडीत बसवलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा अधिकारी विचारत होता, "माल कुठे ठेवलाय?"

"कबरस्तानात."

"कबरस्तानात कुठे?"

"सगळीकडे. फावडं घेऊन चला, दाखवते. अंगावरून काढून घ्यायचं काम मात्र सुरूरनं करायचं. मी एकदा घातलंय."

अधिकाऱ्यानं लेखणी खाली ठेवली. तिला चहा दिला आणि सोडलं.

पुढे सत्कार समित्या निघाल्या, आणि सुरूरच्या डोक्यात प्रकाश पडला. फिर्याद मागे गेली. आपण जाताना दुकानाची किल्ली नफूसाच्या हाती देऊन "शहिदांसाठी हवं ते घे" असं सांगून गेलो होतो, हे त्याला एकदम आठवलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी ऐकले होते. हा लोणी खाऊन वर ढेकराचं प्रमाणपत्र मागत होता. मिळालंही. बिल्ला मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढे लढाया झाल्या, गाव रिकामं झालं, पुन्हा भरलं. सुरूर हाजी झाला, त्याची तीन दुकानं झाली. खाला मढी धूत राहिली.

लढाईच्या चाळिसाव्या वर्षी सुरूरचा वकील मुलगा अदली सत्कार समितीचा अध्यक्ष झाला. अत्तराचा भपकारा घेऊन तो खालाच्या खोलीत आला. मी तिथेच मसूर निवडत बसले होते.

"खाला, यंदा तुमचा सत्कार. बाबांच्या हस्ते."

"कशाबद्दल रे?"

"बाबांनी दिलेल्या कापडातून तुम्ही कफनं केलीत, त्या सेवेबद्दल."

मला वाटलं, आता मसुराचं ताट त्याच्या डोक्यावर जाणार. पण खाला म्हणाली, "येईन. गाडी पाठव. गुडघे दुखतात."

सभागृह भरलं होतं. पोरांच्या हातात कागदी झेंडे, कोपऱ्यात सिमसिमियावाले तारा जुळवत होते. गव्हर्नरांनी स्वतः न येता कुणा साहेबाला पाठवलं होतं आणि तो साहेब घड्याळ पाहत होता. सुरूरनं दाढी काळी केली होती. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "बंधूंनो, मी किल्ली दिली. म्हटलं, पांढराशुभ्र लठ्ठा, बगळ्याच्या पंखासारखा, माझ्या शहिदांना कमी पडता कामा नये!" टाळ्या पडल्या. डोळेही पुसून झाले त्याचे.

मग खालाला हात धरून वर नेलं. अदलीनं प्रमाणपत्र पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही, माइक घेतला.

"हाजी, कापड कसलं होतं म्हणालास?"

"पांढरं, खाला. तुम्हाला वयामुळे..."

"माझं वय राहू दे." ती लोकांकडे वळली. "ज्यांची माणसं मी गुंडाळली ते बसलेत ना इथे? का नुसता मिठाईचा डबा न्यायला आलात? बोला."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. मग मागच्या रांगेतून गोदीतला एक म्हातारा क्रेनवाला उठला. "माझी आई. पडद्याच्या कापडात. पिवळे गुलाब होते."

एक बाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "माझी बहीण निळ्यात होती. शाळेच्या ॲप्रनच्या."

"लाल पट्टे," कुणीतरी म्हणालं. "दोन्ही भाऊ."

आणि माझ्या शेजारून झकी उठला. चाळीस वर्षांत तो अशा ठिकाणी पहिल्यांदाच तोंड उघडत होता. "फतहल्ला. माझ्या बाजूला पडला. त्याला लाल पट्ट्यांत बांधलं. पायाची गाठ मी मारली." एवढं बोलून तो खाली बसला. मी त्याचे हात माझ्या मांडीवर घेतले.

"मंडळी, वेळ कमी आहे!" अदली ओरडला. "गाणं सुरू करा!"

सिमसिमियावाल्यानं वाद्य मांडीवर आडवं ठेवलं आणि तो छताकडे बघत बसला.

सुरूरचं काय झालं? काही नाही. समितीची सन्मानाची ढाल त्याला मिळाली. दुसऱ्या दिवशी छापून आलं की समारंभ भावपूर्ण वातावरणात पार पडला. अशा माणसांचं काही होत नसतं. त्यांना लाज शिवत नाही, मग आपण काय शिवणार? पण त्या दुपारी तीस-चाळीस माणसं सभागृहातून निघाली ती घरी न जाता खालाबरोबर कबरस्तानात गेली. झकीनं तिला पाठुंगळी घेतलं होतं. ती बोट दाखवत होती, आणि माणसं आपापल्या माणसापाशी जाऊन बसत होती. भाषण कुणी केलं नाही. क्रेनवाल्यानं खालाच्या हातावर डोकं टेकलं, तेव्हा ती खेकसली, "बस्स कर. चाळीस वर्षं तोंड शिवून बसलास, आता हात ओला करतोस माझा!" पण हात तिनं काढून घेतला नाही.

पुढच्या वर्षी अदलीनं तरीही आमंत्रण धाडलं, सोबत बसबूसाचा डबा. खालानं आमंत्रण गड्याच्या हाती परत दिलं आणि डबा ठेवून घेतला.

"अगं, त्याचीच ना मिठाई?" मी म्हटलं.

"रवा-साखरेनं काय घोडं मारलंय?" ती म्हणाली. "चमचा आण."