बाबांना देवयानी दिसली

चौबे कॉलोनीतल्या गच्चीवरून मी दोन हिवाळे देवयानी दीर्घिका शोधली, पण शहराच्या उजेडात ती दिसलीच नाही. यंदा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि नोव्हेंबरातल्या अमावास्येला मी त्यांना शहराबाहेरच्या माळावर घेऊन गेले. जेवणाच्या वेळेला ती जवळजवळ डोक्यावर येते. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या अणकुचीदार टोकाच्या दिशेनं मी दुर्बीण वर नेत होते, तरी काही सापडेना.

"किती वेळ तूच पाहून राहिली? मले दे," बाबा म्हणाले.

थोड्याच वेळात ते ओरडले, "अवं, दिसली! कापसाच्या पुसट बोळ्यासारखी!"

मी पाहिलं. तीच होती! भर अंधारात आम्ही दोघांनी टाळ्या पिटल्या. आता बाबा पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळ्यांना सांगतात, "पोरीच्या आधी मले दिसली."