पहिली खूण

पुतणीने होडीवरचं नवं जीपीएस यंत्र पहिल्यांदाच सुरू केलं. निळ्या पडद्यावर आमची होडी छोट्या बाणासारखी उमटली.

"काका, तुमची ती लपवलेली मासळीची जागा आता तरी सांगा. पहिली खूण तीच टाकते," ती हसत म्हणाली.

तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, तिथेच बुडाला. समुद्रावर तेव्हा तांडेलाचा, म्हणजे माझ्यासारख्या होडीच्या प्रमुखाचा, शब्द हाच नकाशा असे. जागा कुणाला कळू नये म्हणून शोधायला निघालेल्यांना मी किनाऱ्यावरचं देऊळ आणि डोंगर यांच्या खोट्या खुणा सांगितल्या. एकटाच त्याला शोधेन, असं वाटलं होतं.

आज तिला हे सगळं सांगून पडद्यावर खरी जागा दाखवली. तिने खूण टाकली. यंत्राने बंदरापासून तिथवर सरळ रेघ ओढली. वाट जेमतेम अर्ध्या तासाची होती.