विमानाच्या नाकावरचं कुंकू

रिटायर झाल्यावर मी इथे परदेशात, मिल्टन गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये बसून रबराच्या पिळावर उडणारी विमानं डिझाइन करायला लागलो. वजन वाढू नये म्हणून गोंदसुद्धा सुईच्या टोकानं लावायचो. अशी विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबच्या स्पर्धेच्या सकाळी बायकोनं, नवी गाडी आणल्यासारखं, विमानाच्या नाकाला ओलं कुंकू फासलं.

"अगं, वजन!" मी ओरडलो. पुसायला जावं तर नाकाची नाजूक काडी मोडणार.

शाळेच्या जिमच्या उंच हॉलमध्ये विमान सोडलं. एरवी नाक वर करून धपकन आपटणारं ते कार्टं छताखाली गुमान घिरट्या घालत राहिलं. नाकाला तेवढंच वजन हवं होतं!

पुढच्या स्पर्धेला क्लबातले सगळे गोरे म्हातारे आपापली विमानं घेऊन माझ्या बायकोपुढे रांगेत उभे. मलाही तिनं रांगेतूनच यायला लावलं.