फेरिदूनच्या कपाळावरची लव

इस्तंबूलच्या उस्कुदार भागात, बोटींच्या धक्क्याच्या वरच्या गल्लीत फेरिदूनचं केस कापायचं दुकान होतं. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलक्या काढायचं. त्याचं स्वतःचं कपाळ मात्र तिशीतच मागे सरकायला लागलं. वडिलांचं तसंच झालं होतं, आजोबांचंही. समोरचा मासळीवाला रिफ्की रोज दाढीला येई आणि जाताना टोमणा ठेवून जाई, "उस्ताद, आमचे एवढे केस झाडून टाकता, त्यातले चार स्वतःला ठेवा की."

फेरिदून हसायचा, पण ते आत कुठेतरी लागायचं. मुनेव्वर, त्याची बायको, म्हणायची की मला तुम्ही असेच चालता. त्याला स्वतःलाच चालत नव्हतं. अखेर तो दवाखान्यात गेला आणि डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावून घेऊन आला.

काही आठवडे आनंदात गेले. मग एका सकाळी तोंड धुताना लावलेले केस ओंजळीतच आले. दुसऱ्या दिवशी आणखी. भर दुपारी दुकान बंद करून तो केस लावून देणाऱ्या डॉक्टर नर्मिनबाईंसमोर जाऊन बसला.

"डॉक्टरबाई, रक्त माझंच, टाळूही तीच. बापाचे केस ज्यानं खाल्ले ते याही केसांना सोडणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं."

बाईंनी भिंगाखाली त्याचं कपाळ नीट पाहिलं आणि सावकाश समजावलं. गळली ती वरची काडी, मूळ आत शाबूत आहे. जागा बदलल्याच्या धक्क्यानं ते जरा विसावलंय, काही महिन्यांनी त्यातून पुन्हा केस उगवेल. रक्तातल्या केस घालवणाऱ्या ज्या संप्रेरकाची भीती वाटते, ते सगळ्या डोक्यात सारखंच फिरतं. पुढच्या मुळांना ते सोसत नाही, ती आक्रसत जातात. मागच्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

"तुमच्या वडिलांचे डोक्याच्या मागचे केस गेले होते का, फेरिदूनभाऊ?"

फेरिदूनला आठवलं. म्हातारपणीही वडिलांची मागची झालर तो स्वतःच कापायचा. चांगली दाट होती.

"मग झालं. सोसण्याचा गुण मुळात असतो, जागेत नाही. मूळ पुढे लावलं तरी तो गुण घेऊनच येतं."

त्याला पटलं, तरी धीर धरवेना. आरशांनी भरलेल्या आपल्या दुकानात राहून आरसा टाळत त्याने पुढचे महिने काढले.

एके दिवशी रिफ्की मान मागे टाकून खुर्चीत पडला होता, गालांवर फेस. वाकलेल्या फेरिदूनच्या मागे खिडकीचं ऊन होतं. रिफ्की वर बघत हळूच म्हणाला, "उस्ताद, हलू नका. तुमच्या कपाळावर लव आलीये. खोटं बोलत नाही, सगळीकडे आहे."

फेरिदूनने वस्तरा खाली ठेवला आणि बोटं फिरवून पाहिली. बारीक, मऊ काहीतरी लागत होतं. तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि कितीतरी महिन्यांनी त्याने मोकळा श्वास घेतला. रिफ्कीने अर्ध्या दाढीनिशी उठून दोघांसाठी चहा सांगितला.

पुढे काही वर्षांनी लावलेल्या केसांमागचे त्याचे मूळचे केस विरळ झाले. बाईंनी तेही सांगून ठेवलं होतं, म्हणून तो घाबरला नाही. पुढे लावलेले मात्र जागचे हलले नाहीत. ते डोळ्यांवर यायला लागले की मुनेव्वर कात्री घेते. ती वेडीवाकडी कापते, पण ते काम तो दुसऱ्या कुणाला देत नाही.